घरात मशीन आहे, हाच आमचा गुन्हा?

गेल्या मंगळवारी मीटर तपासायला आलेल्या गृहस्थांनी दारातूनच माझ्या दोन शिलाई मशीन पाहिल्या आणि उंबरठाही न ओलांडता कागदावर ‘व्यावसायिक वापर’ असा शेरा मारला. घराच्या एका भागात धंदा चालत असला, तरी महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि आधीच्या वर्षाचा ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो, असे वीजदराचा नियम सांगतो. माझा आकडा १८० च्या वर कधी गेलेला नाही. बिलांची चळत पुढे केली, तेव्हा उत्तर मिळाले, “ताई, ते ऑफिसात येऊन सांगा.” म्हणजे चूक त्यांची आणि अर्ध्या दिवसाची शिलाई बुडणार माझी!

सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि कारखाना वेगळे होते तरी कधी? माग घरात चालले, विड्या घरात वळल्या गेल्या आणि आता शाळांचे गणवेशही घरातच शिवले जातात. तरीही विकास आराखड्यात आमच्या वस्तीवर निवासी म्हणून पिवळा रंग फासला की नियोजनकर्त्यांचे काम संपते. घरच्या माणसांनी, पगारी कामगार न ठेवता, शिवणकाम किंवा भरतकाम करायला बांधकाम नियमावलीत मुभा आहे. मुभा आहे हो, जागा कुठे आहे? बोळात टेम्पो शिरत नाही, म्हणून कापलेल्या कापडाचे गठ्ठे नाक्यापासून डोक्यावर आणावे लागतात. शेजारच्या अक्कांना विडीची पाने भिजवायला पाणी लागते आणि आमच्या नळाला ते चार दिवसांआड येते. पिण्याच्या घागरीतले पाणी पानांवर शिंपडताना त्यांचा जीव कसा होतो, ते मी रोज पाहते. पाने वाळून तडकली, विडी बिघडली, तर कारखान्यात छाट निघते आणि मजुरी अक्कांचीच जाते. पाणी किती दिवसांआड सोडायचे, हे ठरवताना या पानांचा हिशेब कोणी धरला होता का?

फ्लॅट घ्या, असा फुकटचा सल्ला देणारेही भेटतात. तिथे मशीनचा आवाज झाला की सोसायटीची नोटीस येते, हे माझ्या बहिणीने भोगले आहे.

आता रात्रीचे अकरा वाजले आहेत. साठ शर्टांची काजे-बटणे बाकी आहेत, पलंगावर गठ्ठे आहेत आणि दहावीतला मुलगा जिन्यात बसून अभ्यास करतो आहे. उद्या मला ऑफिसात जायचे आहे.