‘प्रिव्हलंट’ म्हणजे नुसतं ‘कॉमन’ नव्हे

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक शब्दतक्ता सतत फिरत असतो. त्यात म्हटलंय: इंग्रजी ‘प्रिव्हलंट’ (prevalent) म्हणजे ‘कॉमन’; ‘पॉप्युलर’, ‘रॅम्पंट’, ‘एन्डेमिक’ हे त्याचेच समानार्थी, मराठीत सरसकट ‘प्रचलित’ लिहा, आणि रोगाचा ‘प्रिव्हलन्स’ वाढला म्हणजे साथ पसरली.

पहिल्या दाव्यात थोडं तथ्य आहे. पण ‘कॉमन’ दोघांच्या सामाईक भिंतीलाही चालतो, ‘प्रिव्हलंट’ नाही. हा शब्द रोग, समजुती, सवयी यांच्यासाठी येतो, आणि त्या कुठे, कोणात, कधी आढळतात हे सोबत यावं लागतं. म्हणून त्याच्यापुढे बहुधा ‘इन’ किंवा ‘अमंग’ दिसतं.

समानार्थी म्हणून दिलेले शब्द तर अजिबात टिकत नाहीत. ‘पॉप्युलर’मध्ये आवड आहे, कुपोषण एखाद्या भागात प्रिव्हलंट असतं, पॉप्युलर कसं असेल? भ्रष्टाचार ‘बोकाळला’ असं आपण म्हणतो, तो ‘रॅम्पंट’. आणि प्राणी-वनस्पतींच्या बाबतीत ‘एन्डेमिक’ म्हणजे प्रदेशनिष्ठ, त्या प्रदेशाबाहेर न सापडणारं. आपलं शेकरू फक्त भारतात आढळतं, म्हणून ते एन्डेमिक. पण जंगल सोडून ते कुठे दिसतं? मग त्याला प्रिव्हलंट कसं म्हणणार?

‘प्रचलित’ प्रथेला शोभतं, शब्दाला शोभतं. ‘शहरांत मधुमेह प्रचलित आहे’ हे मराठी नव्हे. ‘शहरांत मधुमेहाचं प्रमाण मोठं आहे’ असं साधं लिहावं.

शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो. प्रिव्हलन्स म्हणजे एखाद्या वेळी लोकसंख्येत तो रोग असलेल्यांचं प्रमाण, नवे-जुने सगळे रुग्ण धरून. ठरावीक काळात नव्याने किती जणांना रोग झाला, हे ‘इन्सिडन्स’ सांगतो. एचआयव्हीचं उदाहरण घ्या. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी, औषधं मोफत मिळू लागली. ती नियमित घेणारा माणूस वर्षानुवर्षं जगतो, आणि जगतो म्हणून दर मोजणीत धरला जातो. त्यामुळे नवी लागण घटली तरी प्रिव्हलन्स तितक्या वेगाने उतरत नाही. कधी वाढूही शकतो. हीच माणसं औषधाविना लवकर दगावली असती, तर तो आकडा खाली आला असता, आणि तक्ता वाचणाऱ्याला वाटलं असतं की साथ ओसरली.

तक्ता पुढे पाठवणार असाल, तर निदान ही शेवटची ओळ खोडून पाठवा.