ज्यू पोरं कॉलेजात काय करायची? भाऊजींच्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल. 'ज्यू लोक इतके हुशार का?' असा मथळा, आणि कुणा डॉक्टरने म्हणे इस्रायलमध्ये राहून केलेलं निरीक्षण. तिथल्या गरोदर बायका गणितं सोडवतात, पियानो ऐकतात, बदाम-खजूर खातात, माशाचं डोकं टाळतात. पोरांना व्हायोलिन आणि धनुर्विद्या शिकवतात. मग येतो कळस: विद्यापीठात दहा-दहा जणांचे गट करून धंदा करायला लावतात आणि दहा लाख डॉलर नफा दाखवला तरच पदवी देतात! शेवटी न्यूयॉर्कचं एक केंद्र, जे फक्त ज्यूंना बिनव्याजी भांडवल देतं. वर्षानुवर्षं हा मजकूर फिरतोय आणि दर फेरीला त्याला एखादं उद्गारचिन्ह जास्त चिकटतं.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण या वेळी तो आमच्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकला, माझ्या भाच्याला टॅग करून: "बघ, ज्यूंची पोरं कॉलेजात काय करतात ते. आणि तू बस वाङ्मय मंडळात कविता वाचत." भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि वाङ्मय मंडळाचा सचिव आहे. त्याने खाली नुसता अंगठा टाकला. त्या अंगठ्याने माझं डोकं फिरलं. कारण भाऊजी, ज्यूंची पोरं कॉलेजात जे करत होती त्याला आपल्याकडे वाङ्मय मंडळच म्हणतात.

आधी दहा लाखांचं बघू. समजा एका विद्यापीठातून वर्षाला दहा हजार मुलं बाहेर पडतात. म्हणजे हजार गट, म्हणजे दरवर्षी शंभर कोटी डॉलर नफा, तोही परीक्षेच्या प्रोजेक्टमधून. हे विद्यापीठ कुठलं, ते मेसेजमध्ये नाही. जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ 1925 साली सुरू झालं तेव्हा तिथे संस्था होत्या रसायनशास्त्राची, सूक्ष्मजीवशास्त्राची आणि ज्यू अध्ययनाची. धंद्याचा वर्ग नव्हता. आणि अमेरिका-युरोपातली बहुतेक ज्यू मुलं ज्या विद्यापीठांत शिकली ती ज्यूंची नव्हतीच, त्यामुळे तिथे 'ज्यूंचा नियम' कोण लावणार?

या मुलांनी विद्यापीठांत स्वतःहून काय उभं केलं, ते मात्र नोंदलेलं आहे. बर्लिनमध्ये 1819 साली काही तरुणांनी ज्यूंच्या संस्कृती आणि शास्त्रासाठी एक मंडळ काढलं. त्यात लिओपोल्ड झुंझ होता, तत्त्वज्ञ हेगेलचा शिष्य एडुआर्ड गान्स होता, 1822 मध्ये कवी हाइनरिश हाइनेही आला. विद्यापीठात नव्याने शिकलेली शास्त्रीय चिकित्सा आपल्या परंपरेला लावायची, एवढाच उद्योग. झुंझच्या संपादनाखाली नियतकालिक निघालं आणि एका खंडात आटोपलं. 1824 पर्यंत मंडळही बारगळलं. पुढच्याच वर्षी गान्सने आणि हाइनेने बाप्तिस्मा घेतला, कारण ज्यू राहून प्राध्यापकी मिळत नव्हती. दहा लाख कुठले, भाऊजी, एक नियतकालिक धड चालवता आलं नाही त्यांना. तरीही ज्यू इतिहासाचा आधुनिक अभ्यास कुठून सुरू झाला असं विचारलं, तर बोट या बुडीत मंडळाकडेच जातं.

आता हार्वर्ड, कारण भाऊजींना हार्वर्डचं नाव काढलं की ऐकू येतं. 1906 साली हेन्री हर्विट्झ आणि त्याच्यासारख्याच मूठभर विद्यार्थ्यांनी तिथे 'मेनोरा सोसायटी' काढली. मेनोरा म्हणजे ज्यूंच्या प्राचीन मंदिरातली सात फांद्यांची समई. उद्देश होता ज्यू संस्कृतीचा आणि आदर्शांचा अभ्यास. ना धर्मप्रचार, ना कुठला राजकीय पक्ष. सभासद कोणीही होऊ शकत होतं, ज्यू नसलेलाही. तत्त्वज्ञान शिकवणारा तरुण होरेस कॅलन पाठीशी होता. अनेक संस्कृतींनी आपापला सूर राखून एका देशात नांदावं, हा त्याचा विचार पुढे गाजला. काम काय, तर व्याख्यानं, अभ्यासमंडळं, निबंधस्पर्धा. ओळखीचं वाटतंय ना?

रशियन साम्राज्यातल्या ज्यू धर्मपाठशाळेतून आलेला हॅरी वुल्फसन नावाचा गरीब विद्यार्थी या मंडळात होता. मध्ययुगातले ज्यू विचारवंत ग्रीक तत्त्वज्ञानाकडे कसे पाहत, यावर त्याने विद्यार्थिदशेतच निबंध लिहिला. हाच वुल्फसन 1925 मध्ये हार्वर्डमध्ये ज्यू अध्ययनासाठी निघालेल्या खास अध्यासनावर बसला. 1916 साली रँडॉल्फ बोर्न या ज्यू नसलेल्या लेखकाने याच मंडळापुढे भाषण दिलं. अमेरिकेने सगळ्यांना एका साच्यात वितळवण्याचा हट्ट सोडावा, असा त्याचा सूर होता. विद्यार्थी मंडळापुढचं भाषण, पण आजही ते वाचलं जातं. मंडळाचं लोण इतर विद्यापीठांत गेलं, 1913 मध्ये त्यांचा महासंघ झाला, 1915 पासून 'मेनोरा जर्नल' निघू लागलं. पुढे मोठा समीक्षक झालेल्या लायनेल ट्रिलिंगची पहिली कथा तिथेच छापली गेली, 1925 साली, तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना. आणि हे जर्नल कायम पैशाच्या चणचणीत! संपादक हर्विट्झ आयुष्यभर देणगीदारांच्या दारात.

उगाच सोवळेपणा नको. सगळी ज्यू पोरं काही व्याख्यानांना गर्दी करत नव्हती. 1923 मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'हिलेल' हे ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र सुरू झालं. त्यांच्याकडे रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते, सणाची जेवणं होती, मुलामुलींना भेटायला निमित्त होतं. तिसाच्या दशकात मेनोरा मंडळं मागे पडली आणि हिलेल पसरलं. यात नवल ते काय? नुसत्या निबंधवाचनाला किती दिवस गर्दी टिकणार, हे कुठल्याही वाङ्मय मंडळाच्या सचिवाला विचारा.

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हा मेसेज वरून कौतुकाचा आहे, पण आतून म्हणतो ते हे: 'ते सगळे एकसारखे, लहानपणापासून पैशासाठी घडवलेले, एकमेकांनाच भांडवल देणारे.' हे वाक्य कौतुकाने म्हणा की द्वेषाने, माणसं त्यात उरतच नाहीत. याचा पुरावा म्हणून मी एकच लेख पुढे करते, आणि माझ्या मते तेवढा पुरे आहे: मेनोरा जर्नलच्या ऑक्टोबर 1922 च्या अंकातला हॅरी स्टारचा. स्टार तेव्हा हार्वर्डच्या मेनोरा सोसायटीचा अध्यक्ष होता. 1900 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी साधारण 7 टक्के होते, 1922 पर्यंत ते 21 टक्क्यांच्या पुढे गेले, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचं काढलं. ज्यू आणि बिगरज्यू विद्यार्थी चर्चेला बसले. स्टार लिहितो त्याचा मथितार्थ असा, की आम्हाला वाटलं होतं काही 'वाईट वळणाच्या' ज्यूंबद्दल तक्रार असेल. बोलताना कळलं की श्रीमंत-गरीब, हुशार-मठ्ठ, रीतीभातीचा-गावंढळ, कशालाच किंमत नव्हती. ज्यू फार झाले, एवढंच दुखणं होतं.

पुन्हा वाचा, भाऊजी. माणूस कसा आहे ते बघायचंच नाही, जात मोजायची. प्राध्यापकांच्या समितीने 1923 मध्ये उघड कोटा नाकारला. मग अर्जावर फोटो आला, 'चारित्र्य' पाहणं आलं, आणि ज्यूंचं प्रमाण गुपचूप खाली आणलं गेलं. व्हॉट्सॲपवरचा कौतुकाचा मेसेज आणि लॉवेलची भीती एकाच पिठाच्या भाकऱ्या आहेत.

नोबेलचं मान्य करते, नाइलाजाने. आजवरच्या विजेत्यांत साधारण पाचवा हिस्सा ज्यू किंवा ज्यू वंशाचे, आणि जगाच्या लोकसंख्येत ते अर्धा टक्काही नाहीत. याला कारणं आहेतच. जोडीजोडीने ग्रंथ वाचत एकमेकांशी वाद घालायची पाठशाळेची जुनी रीत हे एक असेल. पण बदामापेक्षा कितीतरी भक्कम कारण न्यूयॉर्कमध्ये उभं आहे: सिटी कॉलेज. सरकारी, आणि 1976 पर्यंत फी माफ. शिंप्यांची, फेरीवाल्यांची पोरं तिथे आली. एकट्या 1937 च्या तुकडीतून तीन नोबेल निघाले: आर्थर कॉर्नबर्ग (1959, वैद्यक), हर्बर्ट हॉप्टमन आणि जेरोम कार्ल (दोघे 1985, रसायन). तिसाच्या दशकात त्याच कॉलेजच्या जेवणघरातल्या कोनाड्यांत मुलं घसा बसेपर्यंत भांडायची. एका कोनाड्यात स्टालिनवाले, शेजारच्यात स्टालिनविरोधी. पुढे नामवंत विचारवंत झालेले अर्व्हिंग हाऊ आणि डॅनियल बेल या स्टालिनविरोधी कोनाड्यातले. त्यांच्यासारखाच पुढे नावाजलेला नेथन ग्लेझर तर झायनवादी, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या, विद्यार्थी संघटनेचं पत्र संपादित करत होता. दहा लाखांचा प्रोजेक्ट करायला यांना फुरसत कुठे होती?

धनुर्विद्येचं हसण्यावारी नेते. हत्यार धरलेले ज्यू विद्यार्थी हवेच असतील तर व्हिएन्नाला जा. 1882 मध्ये नाथान बिर्नबाउम वगैरेंनी तिथे 'कादिमा' ही विद्यार्थी संघटना काढली; 'झायनवाद' हा शब्दही पुढे 1890 मध्ये त्यानेच रूढ केला. तिथली पोरं तलवारबाजी शिकली हे खरं. मेंदू तल्लख व्हावा म्हणून नव्हे. जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थी संघटना त्यांचा अपमान करत म्हणून. इतकं झाल्यावर त्या संघटनांनी 1896 मध्ये ठराव केला, की ज्यूला अब्रूच नसते, सबब त्याच्याशी द्वंद्व खेळायचं नाही. तलवार शिकून पोरं तयार, आणि समोरचा म्हणतो तुम्ही त्या लायकीचेच नाही.

मासे. मेसेज म्हणतो ज्यू माशाचं डोकं टाळतात. ज्यू नववर्षाला अनेक घरांत माशाचं डोकं मुद्दाम ताटात ठेवतात, 'आम्ही शेपूट न होता डोकं होऊ दे' अशी प्रार्थना करून. मासे आणि मटण एकत्र न खाण्याची रीत काही ज्यूंत आहे, तेवढं खरं, पण ती तब्येतीच्या जुन्या समजुतीतून आलेली. बुद्धीचा संबंध नाही. आणि ज्यू काय खातात हे कळायला इस्रायलचा डॉक्टर कशाला लागतो? अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली, आपले शनवार तेली, शतकानुशतकं नारळाच्या दुधातलं कालवण खात आणि मराठी बोलत आले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ज्यू धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली, पेटी-टाळांवर. व्हायोलिन सक्तीचं असल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

गरोदर बाईने गणितं सोडवावीत की नाही यावर मी काही बोलत नाही. तिला सोडवायची असतील तर सोडवू दे, नसतील तर झोपू दे.

राहिलं न्यूयॉर्कचं बिनव्याजी केंद्र. तेही अर्धंच खरं. 1892 पासून 'हिब्रू फ्री लोन सोसायटी' तिथे आहे. गरीब स्थलांतरितांना हातगाडी, शिलाई मशीन असलं काही घेता यावं म्हणून सुरू झाली, कर्जावर व्याज घेत नाही. फक्त मेसेजमध्ये 'फक्त ज्यूंना' लिहिलंय, ते खोटं. कर्ज घेणाऱ्याचा धर्म ती विचारत नाही. परतफेडीची हमी घेणारा जामीन मात्र सहसा आणावा लागतो.