नवनियुक्त तालुकाध्यक्षांस, पोरं जमवण्याविषयी

साहेब, आधी अभिनंदन. तुमच्या नियुक्तीचं पत्र व्हॉट्सॲपवर पडलं तेव्हा मी कार्यालयातच होतो. खालच्या कृषी केंद्रवाल्यानं लगेच पेढे पाठवले. मागच्या अध्यक्षांची खताची उधारी आता तुमच्याकडून निघेल अशी त्याला आशा आहे. २२ वर्षं मी या कार्यालयाचं शटर उघडतो. सात अध्यक्ष पाहिले. त्यातले चार सध्या समोरच्या पक्षात आहेत आणि दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवतात. तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या तर राग मानू नका.

वरून आदेश आलाय की यंदा जिल्हा परिषदेचा उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानानं ठरवायचा आणि त्यात तरुणांचा सहभाग 'लक्षणीय' असावा. घाबरू नका. लक्षणीय म्हणजे फोटोत दिसेल एवढा.

पहिलं काम, पोरांचं रजिस्टर. माझ्याकडे तयार आहे, हिरव्या पुठ्ठ्याचं. रकाने असे: नाव, गाव, मोबाईल, दुचाकी आहे की नाही, आणि शेवटचा एक रकाना, ज्याला शीर्षक नाही. तो मी पेन्सिलनं भरतो. आडनावावरून कळलं नाही तर चहावाल्याला विचारून. शिक्षणाचाही रकाना पूर्वी होता. पण एकदा दोन एम.ए. निघाले आणि त्यांनी पक्षाची घटना वाचायला मागितली, तेव्हापासून तो काढून टाकला. घटना आपल्याकडे होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. दुचाकीचा रकाना मात्र लाल शाईनं भरतो. रॅलीला ८० गाड्या लागतात, आणि पेट्रोलची चिठ्ठी १०० रुपयांची दिली तरी पोरगं दिवसभर हॉर्न वाजवतं. एवढ्या पैशात बँडवाला दारातही उभा राहत नाही.

वयाची फार चौकशी करू नका. कायद्यानं १८ व्या वर्षी मत देता येतं, २१ व्या वर्षी जिल्हा परिषदेला उभं राहता येतं, २५ व्या वर्षी विधानसभेला. आपल्याकडे हा हिशोब वेगळा चालतो. युवक आघाडीची वयोमर्यादा ३५, आणि आपल्या युवक अध्यक्षांची थोरली यंदा बारावीला आहे. परवा त्यांनीच 'आम्हा तरुणांना संधी द्या' म्हणून भाषण केलं. टाळ्या आम्हीच वाजवल्या, कारण हॉलमध्ये आम्हीच होतो.

आता मुख्य विषय. तिकिटाला भाऊ इच्छुक आहेत, दादाही इच्छुक आहेत. तालुक्यात दोन गट पडलेत, दोन फ्लेक्स लागलेत, एकाच महापुरुषाच्या जयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्यात. तुम्ही मध्ये पडू नका. भाऊ आणि दादांचं मुळात भांडण नाहीच. मागच्या रविवारी एका लग्नात एकाच सोफ्यावर बसून मठ्ठा पीत होते. भांडण पोरांसाठी असतं. पोरांना गाडीच्या मागच्या काचेवर 'कट्टर भाऊ समर्थक' लिहायला लावा, स्टिकर आपण देऊ. चिकटलेला स्टिकर निघत नाही, काढायला गेलं तर काचेवर पांढरा चट्टा राहतो. मग तो पोरगा तुम्हाला सोडून कुठे जातो? आठवडाभरात दोन मित्र एका टपरीवर चहा प्यायचे बंद होतील. याला आपण पुढच्या बैठकीत 'तळागाळात चैतन्य' म्हणू.

कुणी म्हणेल, मतदानानं उमेदवार ठरवायचं हे अमेरिकेचं खूळ, आपल्या मातीत रुजायचं नाही. खोटं आहे. रुजून, फुलून, वाळूनसुद्धा झालंय. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसनं राहुल गांधींच्या आग्रहावरून देशातल्या मोजक्या मतदारसंघांत हाच प्रयोग केला, 'प्रायमरी' याच नावानं. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मत कुणाला? ब्लॉकपासून वरच्या पदाधिकाऱ्यांना, निवडून आलेल्यांना, युवक आणि विद्यार्थी संघटनांच्या मंडळींना. वर्ध्यात सामना झाला सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. एक त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, दुसऱ्या राज्यपाल राहिलेल्या काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. म्हणजे साध्या कार्यकर्त्याला पूर्ण मोकळीक होती: मुलगा निवड, नाहीतर मुलगी निवड.

मुलगा निवडला गेला. लोकसभेला तो भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून जास्त मतांनी पडला, आणि जुलैत वडिलांबरोबर भाजपमध्ये गेला. ज्या पोरानं मार्चात घसा कोरडा करून त्याच्यासाठी मतं गोळा केली, त्याला जुलैत पेपर वाचताना काय वाटलं असेल, याचा अहवाल कुणी मागवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. टोकसबाईंना पुढे २०१९ ला तिकीट मिळालं, त्याही तडस यांच्याकडूनच हरल्या. पण त्या तिकिटाला मतपेटी लागली नाही. लातुरात प्रायमरी जिंकलेले दत्तात्रय बनसोडे अडीच लाखांवर मतांनी पडले. बडोद्याची गोष्ट सगळ्यात उपयोगाची, ती वहीत लिहून ठेवा. तिथे कार्यकर्त्यांनी नरेंद्र रावत यांना निवडलं. मग मोदी तिथून उभे राहणार असं जाहीर झालं. रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री आले. मतदान झालं ते झालंच, त्याला कोण नाही म्हणतंय? उमेदवार तेवढा बदलला.

युवक काँग्रेसमध्ये तर २००८ पासून पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका होतात. देखरेखीला माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांची संस्था आणली होती. पंजाबात निवडून आलेले पहिले प्रदेशाध्यक्ष रवनीत बिट्टू, मुख्यमंत्री राहिलेल्या बिअंत सिंग यांचे नातू. २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. महाराष्ट्रात २०१८ ला सत्यजित तांबे, २०२२ ला कुणाल राऊत. तांब्यांच्या आधी विश्वजीत कदम. तिघांचे वडील काय करायचे हे तुम्हाला मी सांगायला नको. पेटी नवी आणा, जुनी आणा, ॲपवर मतदान घ्या, उघडली की आतून ओळखीचं आडनाव निघतं. तांब्यांचं तर पुढे असं झालं की २०२३ ला नाशिक पदवीधरची उमेदवारी पक्षानं वडिलांना दिली आणि अर्ज भरला मुलानं, अपक्ष. निवडूनही आला.

एकाच पक्षाच्या मागे लागलोय असं वाटेल, पण तसं नाही. त्यांनी निदान पेटी तरी ठेवली म्हणून त्यांची गोष्ट सांगता येते. बाकीच्या ठिकाणी 'आदेश' येतो, नाहीतर 'सर्व्हे' येतो. सर्व्हेसारखी सोयीची वस्तू नाही. तो कुणी केला, कधी केला, कुणाच्या दारात जाऊन केला, कुणीच पाहिलेलं नसतं. त्यात आपलं नाव नाही, एवढंच फक्त पोरापर्यंत पोचतं.

तरीही अमेरिकेतून काही घ्यायचंच असेल, तर मतदान घेऊ नका, मुदत घ्या. २०१६ ला न्यूयॉर्क राज्यात प्रायमरी होती १९ एप्रिलला. त्यात मत द्यायचं तर त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदलेलं हवं, आणि आधीच नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलायची मुदत संपली होती आदल्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरला. तोवर कोण उभं आहे याची पोरांना धड गंधवार्ताही नसते. डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्सचे बिल्ले छातीवर लावून हिंडणाऱ्या कितीतरी पोरांची एप्रिलात त्यामुळे पंचाईत झाली. पलीकडच्या पक्षात खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांची इव्हान्का आणि एरिक ही दोन मुलंही याच मुदतीत अडकली, वडिलांना मत देता आलं नाही. उमेदवाराच्या पोटच्या पोरांना जे जमलं नाही, ते आपल्या बूथवरच्या पोराला काय जमणार? सदस्य नोंदणीची शेवटची तारीख आजच ठरवून टाका. 'तरुणांनो, पुढे या' हा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी लावू.

आता एक खबरदारी. शंभर पोरांत एखादं मनावर घेणारं निघतं. २०१७ ला आपण असाच 'कार्यकर्त्यांचा कौल' घेतला होता, तेव्हाचा अनुभव सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा यायचा. १९ वर्षांचा, सडपातळ, कानामागे पेन. गावातली मतदार यादी त्यानं घरोघरी जाऊन तपासली. कोण वारलं, कोणती मुलगी लग्न होऊन गेली, कोण पुण्याला कंपनीत लागला, सगळ्यांपुढे त्याच्या खुणा. वारलेल्यांपुढे तो फुली मारायचा नाही, छोटं वर्तुळ काढायचा. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "काका, माझ्या आजीचंही नाव आहे त्यात, फुली मारवत नाही." त्या यादीच्या मी दोन झेरॉक्स काढल्या. एक भाऊंना पोचवली, एक दादांना. दोघांनीही पाठ थोपटली, दोघांनीही ती आपल्याच माणसानं केली असं वर सांगितलं.

कौलाच्या दिवशी पेटी नव्हती, म्हणून फरसाणाच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली. डबा पुसला होता, तरी चिठ्ठ्यांना तेल लागलंच. पोरगा दारात उभं राहून नावं वाचत होता. शेवटी त्यानं विचारलं, "काका, माझं नाव कुठंय?" त्याचं नाव नव्हतं. यादी पदाधिकाऱ्यांची होती आणि तो कुठल्याच पदावर नव्हता. काम करणाऱ्याला पद द्यायला वेळ कुठे मिळतो? मी म्हटलं, तू तर घरचाच आहेस. मग त्यानंच मतमोजणी केली. भाऊ ६१, दादा ५८, सात चिठ्ठ्या बाद, कारण त्यांच्यावरची शाई तेलात विरघळली होती. दादांच्या पोरांनी डबा आपटला, भाऊंच्या पोरांनी गुलाल उधळला. संध्याकाळी बसस्टँडवर दोन्हीकडच्यांची चकमक झाली. एकाला तीन टाके पडले.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तहसीलसमोर आपण सगळे लिंबाखाली उभे. तीनला खिडकी बंद. भाऊंचा अर्ज भरलेला, फक्त एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, यायचा होता. दोन चाळीसला जिल्ह्याहून पांढरी गाडी आली. फॉर्म आला, नाव तिसऱ्याचंच. त्या गृहस्थांनी त्याच दिवशी सकाळी अकराला आपल्या पक्षात प्रवेश केला होता, गळ्यातला पंचाही अजून इस्त्रीचाच होता. भाऊ आणि दादा दोघांनी पुढे होऊन त्यांना हार घातला. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे. त्याच्या हातात फाईल होती, ती यादीचीच. नव्या उमेदवाराच्या माणसानं येऊन विचारलं, "बूथची यादी कुणाकडे आहे?" आणि ती घेऊन गेला. झेरॉक्स काढायचंही बोलला नाही.

सांगायचं एवढंच, की अशा पोराला ओळखायला शिका आणि आधीच सोशल मीडियावर बसवून टाका. तिथे त्याला दिवसभर साहेबांचे वाढदिवस सापडतात, मतदार सापडत नाहीत.

त्यानंतर तो कार्यालयात आला नाही. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे मी 'संपर्कात नाही' असा शेरा मारला. पुढे आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला, निवडणूक आज होते उद्या होते करत पोरांची लग्नं झाली, काहींच्या गाड्याही विकल्या गेल्या. तुम्हाला रजिस्टर नव्यानंच भरावं लागणार.

पण परवा एक बातमी लागली. तो पोरगा आता २८ चा आहे आणि गावात सरपंचपदाला उभा राहतोय. गावातली सगळी पोरं मागे आहेत. जुने भाऊवाले आणि दादावाले एकाच टपरीवर बसून स्लिपा लिहितात म्हणे. प्रचाराला फ्लेक्स नाही, घरोघरी जातोय, हातात तीच वर्तुळांची यादी, नवी करून घेतलेली.

साहेब, आज त्याला फोन करू नका, उचलणार नाही. सरपंचाची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ही आपल्यावर देवाची कृपाच आहे. निकालाच्या दिवशी प्रत्येक पक्ष आपापला आकडा जाहीर करतो आणि सगळ्यांची बेरीज केली तर गावं कमी पडतात. तो निवडून आला तर दुपारी बारापर्यंत 'आपल्या विचाराचा सरपंच' म्हणून मेसेज टाका. फोटो माझ्याकडे आहे, २०१७ चा, डब्यातल्या चिठ्ठ्या मोजतानाचा. मागे भाऊ आणि दादा दोघंही दिसतात, त्यांना तेवढे कापून घेऊ. शाल आणि श्रीफळ कार्यालयातल्या कपाटात आहे, मागच्या सत्काराचं, वापरलेलं नाही. नारळ मात्र एकदा हलवून बघा, आतून वाजत नसेल तर नवा आणावा लागेल आणि त्याचे पैसे कुणाच्या नावावर टाकायचे ते मला आधी सांगा.