इंद्रभुवन इंग्रजांनी नाही बांधलं बे

परवा रात्री सोलापुरात पार्क चौकात बसलो होतो, पम्या मोबाईलवर इंद्रभुवनच्या, म्हणजे आपल्या महापालिकेच्या जुन्या इमारतीच्या, लायटिंगचे फोटो दाखवलालता आणि दाखवता दाखवता बोलून गेला की इंग्रज होते तोवर शहराला रूप होतं, वाट आपण लावली. झालं, व्यंकटेश उसळलाच.

"इंद्रभुवन इंग्रजांनी नाही बांधलं बे, अप्पासाहेब वारदांनी बांधलं. इथल्याच माणसानं."

"माणूस इथला, स्टाईल कुणाची?"

पम्याचा हा पॉइंट खरा आहे. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण झालं, इलाखाभर तसल्याच कचेऱ्या आणि बंगले उठले, मग पैसेवाल्याला तेच बांधावंसं वाटणार. पण मी म्हणलं, दर्शनी भिंतीवर कशाला भांडताय, इंग्रजांनी सोलापूरचं जे केलं ते फोटोत येतच नाही. १८६० मध्ये रेल्वे आली, गावात नाही तर गावाबाहेर, आणि ती काय सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला लोक आणायला नव्हती आणली, कापूस मुंबई बंदराला न्यायचा होता, त्यात दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत युद्ध पेटलं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७१ ला हीच लाईन रायचूरला मद्रासच्या लाईनला जोडली. १८७७ ला जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली, मग आणखी गिरण्या, चाळी. तोवर गाव म्हणजे भुईकोट किल्ला, तळं, देऊळ आणि भोवतीच्या पेठा, ते सगळं स्टेशनकडं ओढलं गेलं. लष्कर न् रेल्वे लाईन्सकडं सरळ रस्ते, मोठमोठी आवारं, झाडं. पेठांत तेच बोळ.

"मग सरळ रस्ते वाईट का?" पम्या सोडेना. "आणि हिप्परग्याचं काय? १८७१ चा तलाव, गावानं पाणी पिलंय त्याचं."

व्यंकटेश हेही मानायला तयार नव्हता, पण मला त्याचं पटलं नाही. एकरुखचं धरण, म्हणजे हाच हिप्परग्याचा तलाव, पक्कं काम आहे, दुष्काळी मुलखात एवढं पाणी अडवलं ते अडवलं, ते कबूल करायलाच पाहिजे.

सलीम इतका वेळ गप्प होता. तो म्हणला, "आणि सेटलमेंट? ते पण प्लॅनिंगच की."

कुणाला पटकन बोलताच येईना. १८७१ चाच इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा. १९११ ला तो देशभर लागू करायची सोय झाली, आणि सोलापुरात पारधी, कैकाडी अशा लोकांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, तीच सेटलमेंट. हजेरी द्यायची, पासशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि मजूर म्हणून जायचं गिरणीत. म्हणजे कुंपण, भोंगा आणि रुळ सगळं एकमेकांना धरून होतं, कोण कुठं राहील आणि कुठल्या वेळेला कुठं जाईल हे कागदावर ठरवलेलं. शहर आखणं म्हणजे हेच ना शेवटी? त्या लोकांना कायद्यानं मोकळं केलं ते ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. याचा मला खरंच राग येतो.

पम्या म्हणला, "त्याचा इमारतींशी काय संबंध? वारसा म्हणजे बघण्यासारखं काहीतरी पाहिजे."

यावर सलीम भडकला आणि आवाज एवढा चढला की चहावाला गाडी सोडून बघायला आला. मी सलीमच्या बाजूचा आहे. इंद्रभुवन जपलं ते उत्तमच केलं, आणखी खर्च करा, पण शहराचा इतिहास दाखवायचा तर गिरणगावातल्या चाळी आणि सेटलमेंटसुद्धा दाखवा, तिथं कुंपण कुठून कुठं होतं, आत कोण राहायचं, कधीपर्यंत, एवढं लिहिलेला एक साधा मराठी बोर्ड तरी लावा. पम्या म्हणतो असल्या बोर्डानं तिथल्या पोरांना आणखी त्रास होईल, नुसता पत्ता सांगितला तरी लोक तोंड फिरवतात. हे मात्र सलीमलाही खोडता आलं नाही, बोर्डवर काय लिहायचं ते आधी तिथल्याच लोकांना विचारू म्हणला.