घरकुलाची यादी सरपंचाच्या खिशात नसते

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर घरकुलाविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. घरकुल कोणाला द्यायचं ते सरपंच आणि ग्रामसेवक ठरवतात. दारात मोटारसायकल किंवा घरात फ्रीज दिसला की गरिबाचं नाव कापतात. आदिवासींना दोन लाख देतात आणि बाकीच्यांची सव्वा लाखावर बोळवण करतात. शहरातलं अनुदान बिल्डरच्या घशात जातं, पटत नसेल तर जळगावचं घरकुल प्रकरण आठवा. आणि शेवटचा टोला: निकष, तपासणी वगैरे सगळं थोतांड, जो चिरीमिरी देईल त्याचंच घर.

हे वाचून माणूस चिडतो, पुढे पाठवतो आणि मग निमूटपणे एजंटाकडे जातो. चिडण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण एजंटाकडे जाण्याबद्दल आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सरपंच ठरवतो, हा पहिला. इंदिरा आवास या जुन्या घरकुल योजनेच्या काळात हे बऱ्याच अंशी खरं होतं. दारिद्र्यरेषेच्या यादीतून ग्रामसभेने नावं निवडायची, आणि ग्रामसभेला प्रत्यक्षात किती माणसं बसलेली असतात ते गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. १ एप्रिल २०१६ पासून त्या योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली आणि निवडीचा पायाच बदलला. आधी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून यादी निघाली; तिला आपल्याकडे ‘प्रपत्र ब’ म्हणतात. त्यात सुटलेल्यांसाठी २०१८ मध्ये आवास प्लसची नोंदणी सुरू झाली, ती ‘ड’ यादी. २०२४ पासूनच्या टप्प्यासाठी पुन्हा मोबाईल ॲपवर सर्वेक्षण झालं. त्यात चेहरा आधारशी जुळवायचा होता आणि ज्याला जमेल त्याला स्वतःच्या फोनवरून नोंद करायची सोय होती.

यादीतला क्रमही कोणाच्या मर्जीने लागत नाही. अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक आणि इतर यांच्या रांगा वेगळ्या. प्रत्येक रांगेत आधी बेघर, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला साफ करणारे, सुटका झालेले वेठबिगार. मग मातीच्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली घरं, तीही खोल्या मोजून: एक खोलीवाला दोन खोलीवाल्याच्या आधी. एकाच पायरीवर बरेच जण आले की वंचिततेचे गुण मोजतात. घरात १६ ते ५९ वयाचं कोणी नाही, बाई कुटुंबप्रमुख आहे आणि त्या वयाचा पुरुष नाही, २५ वर्षांवरच्या कोणाला लिहिता-वाचता येत नाही, अपंग माणूस आहे आणि धडधाकट प्रौढ नाही, जमीन नाही आणि पोट हातावर आहे, असे हे गुण. म्हणूनच धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या दोन खोल्यांत राहणारं धडधाकट कुटुंब वर्षानुवर्षं वाट पाहतं आणि पलीकडच्या गल्लीतल्या विधवेचं घर आधी उभं राहतं. याला वशिला म्हणायचं असेल तर म्हणा. विटांच्या भिंतीवर पत्रे टाकलेला तर या रांगेतच बसत नाही, मग पत्र्याखाली मे महिन्यात कितीही भाजून निघत असला तरी.

ग्रामसभेला अधिकार आहेत, पण मोजके. ती नावाची शहानिशा करते, अपात्राचं नाव कारण लिहून काढते, बरोबरीत असलेल्यांचा क्रम लावते. सरपंचाला वाटलं म्हणून पुतण्याचं नाव मध्येच चिकटवता येत नाही. हां, ग्रामसभा कागदावरच झाली आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या, तर शहानिशेचाही बोजवारा उडतो, आणि तसं होतं. पण आपण तिथे का नव्हतो, हे त्या मजकुरात कुठेच नसतं.

माझ्या मते या टप्प्यावरचा सगळ्यात मोठा अन्याय वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी मजकूर फिरवत नाही. नोंदणी ज्या दिवसांत झाली त्या दिवसांत गावात नसलेले लोक सुटले. नंदुरबार-शहाद्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गेलेली, धुळे-अमळनेरकडची पोरं सुरतला कारखान्यात लागलेली. सर्वेक्षण करणारा दाराशी आला तेव्हा कडीला कुलूप. २०१८ ला कुलूप दिसलं त्याला पुढचं सर्वेक्षण होईपर्यंत रांगच मिळाली नाही. यात सरपंचाची लबाडी असायचीही गरज नाही. गाव सोडून पोट भरावं लागणाऱ्याला ही पद्धत मोजत नाही, एवढं पुरे आहे.

मोटारसायकल आणि फ्रीज. हा मुद्दा एकेकाळी खरा होता, आता शिळा झाला आहे. पूर्वी बाद करायचे तेरा निकष होते आणि त्यात दुचाकी, फ्रीज, लँडलाईन फोन, मासेमारीची यांत्रिक होडी हे सगळं होतं. २०२४ मध्ये ते निकष दहावर आणले आणि या चार गोष्टी वगळल्या. महिन्याच्या कमाईची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार केली. आज जो सांगतो की फटफटी दिसली म्हणून नाव कापलं, त्याला लेखी कारण मागा. दुसरंच काहीतरी निघेल.

आणि आपल्याकडे ते दुसरं बहुतेक वेळा किसान क्रेडिट कार्ड असतं. दहा निकषांत अजूनही एक ओळ आहे: पन्नास हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलेलं कुटुंब बाद. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रावेर-यावल नसावं. केळी हे खर्चाचं पीक. रोपं, ठिबक, खतं, घड झाकायच्या पिशव्या, सगळं रोखीत. त्यामुळे दीड-दोन एकर केळी लावणाऱ्याची पीककर्जाची मर्यादा पन्नास हजारांच्या पुढे जातेच. विकासोच्या, म्हणजे गावातल्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या वहीत जितका मोठा आकडा, तितका माणूस श्रीमंत, असा हा हिशेब. वादळात बाग आडवी झाली आणि कर्ज थकलं तरी मर्यादा कागदावर तशीच राहते, आणि घरकुलाच्या दृष्टीने तो ‘सधन’ ठरतो. कर्ज ही संपत्ती कधीपासून झाली, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो सरपंचाला नाही, दिल्लीला विचारायला हवा.

जमिनीचे निकषही आहेत: अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू असेल तर बाद. शिंदखेड्यातल्या सहा एकर कोरडवाहूत काय पिकतं हे ज्याने पाहिलंय त्याला यातला विनोद कळेल.

मग बंगलेवाला आत कसा येतो? बहुतेकदा विभक्त शिधापत्रिकेने. बाप बंगल्यात, मुलगा मळ्यातल्या झोपडीत ‘वेगळं कुटुंब’ म्हणून दाखवलेला, फोटोही झोपडीपुढेच काढलेला. हे सर्रास घडतं असं म्हणणार नाही, पण घडतं तेव्हा असंच घडतं. आणि याला उघडं पाडायला गावाइतका चांगला साक्षीदार नाही.

आदिवासींना दोन लाख. दोन लाखांची योजना आहे: पीएम-जनमन, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली. पण ती सगळ्या आदिवासींसाठी नाही, अतिअसुरक्षित गणलेल्या जमातींपुरती आहे. महाराष्ट्रात त्या तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आपल्या सातपुड्यातले भिल्ल, पावरा, इकडचे कोकणा, मावची त्यात येत नाहीत. त्यांना प्रधानमंत्री आवास किंवा शबरी घरकुल. तसंच अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, इतर मागासवर्गीयांना २०२३ पासून मोदी आवास. ग्रामीण भागात अनुदान सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार; प्रधानमंत्री आवासात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. शिवाय रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्याने २०२५ मध्ये आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर वीजसंचाला. तेव्हा ‘सव्वा लाखावर बोळवण’ हाही हिशेब जुनाच. महागाईत हे पैसे पुरतात का, तर नाही पुरत. पण धडगावच्या भिल्लाने अमळनेरच्या पाटलाचा हिस्सा खाल्ला, हे साफ खोटं आहे.

शहर, बिल्डर आणि जळगाव. जळगावचं प्रकरण आठवायचंच असेल तर नीट आठवू. तेव्हाच्या नगरपालिकेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हजारो घरकुलं बांधायला काढली, ती कर्जाच्या पैशावर आणि स्वतः ठेकेदार नेमून. ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्याचा ठपका आला, बहुतांश घरं अर्धवट राहिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. निकालाविरुद्धची अपिलं पुढे उच्च न्यायालयात गेली. म्हणजे ते प्रकरण अनुदान तपासून देण्याच्या पद्धतीचं नव्हतंच. कर्ज काढणारे, ठेका देणारे आणि देखरेख करणारे एकाच इमारतीत बसले की काय होतं, त्याचं होतं.

आजच्या शहरी योजनेत नगरपालिका किंवा महापालिका नुसता प्रस्ताव करते. त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल राज्याच्या छाननी समितीकडे जातो, तिथून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे आणि शेवटी केंद्राच्या मंजुरी समितीकडे. तपासायच्या गोष्टी रुक्ष असतात: जागा कोणाच्या नावावर, त्या जागेवर सार्वजनिक कामाचं आरक्षण आहे का, रस्ता-पाणी-गटार कुठपर्यंत आलंय, लाभार्थी खरे आहेत का आणि त्यांचं देशात कुठेही पक्कं घर नाही ना, अनुदान वजा जाता उरलेली किंमत ते कुठून भरणार. बिल्डर-भागीदारीतल्या प्रकल्पाला २०१५ च्या योजनेत निदान २५० घरं आणि त्यातली ३५ टक्के दुर्बल घटकांसाठी ही अट होती, आणि केंद्राचे दीड लाख फक्त त्या दुर्बल घटकांच्या घरांमागे. पैसाही एकदम येत नाही. केंद्राचा हिस्सा ४०, ४० आणि २० टक्के असा तुकड्यांत; आधीच्या हप्त्यातला ७० टक्के खर्च झाल्याचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा नाही.

यात गोम आहे ती वेगळी. जागेच्या मालकीची अट इतकी कडक की ज्याच्याकडे उतारा नाही तो दारातच अडतो. भुसावळला रेल्वेच्या हद्दीत झोपडी टाकून पिढी काढलेल्या माणसाला ‘स्वतःच्या जागेवर घर बांधा’ या घटकात जागाच नाही. त्या झोपडीखालची जमीन नगरपालिकाही त्याला देऊ शकत नाही, कारण ती नगरपालिकेची नाहीच. सगळ्यात गरजू तोच या तपासणीत नापास होतो. गावात निदान जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी मदत आहे, आता एक लाखापर्यंत.

आता चिरीमिरी. इथे मी मजकूर लिहिणाऱ्याशी अर्धा सहमत आहे. पैसे मागितले जातात. घरकुलाच्या हप्त्यासाठी लाच घेताना पकडल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतल्या पेपरांत येतात, त्या काही कोणी रचलेल्या नाहीत. पण बातमी नीट वाचली तर कळतं की पैसे बहुतेकदा यादीत नाव घालायला नाही, हप्ता सोडायला मागितलेले असतात.

याचं कारण हप्त्याच्या रचनेत आहे. मंजुरीबरोबर १५ हजारांचा पहिला हप्ता थेट खात्यात येतो. पुढचा मोठा हप्ता जोतं झाल्यावर, मग लिंटेलवर, मग घर पूर्ण झाल्यावर. प्रत्येक टप्प्याला पंचायत समितीचा ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येऊन ॲपवर फोटो काढतो आणि फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश चढतात. तो फोटो चढला नाही तर पैसे सुटण्याचा आदेशच निघत नाही. तेव्हा सगळी नाडी त्या एका फोटोत. अभियंता कंत्राटी, त्याच्याकडे गावं ढीगभर. जोतं बांधून झालंय, उसनवारीने आणलेलं सिमेंट संपलंय, पावसाळा तोंडावर, आणि फोटो काढणारा ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो. ‘नाव यादीमा शे, पन पैसा कोठे शे?’ असं विचारणाऱ्या आजीबाईला मग कोणीतरी बाजूला घेऊन सांगतं की थोडं काही दिलं तर उद्याच येतील.

म्हणजे गळती निवडीच्या तक्त्यात नाही, बांधकामाच्या तपासणीत आहे. त्यामुळे नाव वर घेतो म्हणून एजंट पैसे मागतो तेव्हा तो आपल्या हातात नसलेली गोष्ट विकत असतो. गावाची यादी, मंजुरी आणि कोणता हप्ता कधी सुटला हे आवाससॉफ्ट या योजनेच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणालाही दिसतं. पंचायत समितीत जाऊन दाखवायलाही सांगता येतं. ग्रामसभेने नाव काढलं असेल तर जिल्ह्याच्या अपील समितीकडे जाता येतं. फोटोसाठी कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, आणि पैसे देण्याआधी केलेली तक्रारच सापळा लावायला उपयोगी पडते.