तांबटाचं घर

सकाळी साडेसातला करवत सुरू झाली आणि माझा रियाज मोडला. सोसायटीच्या कुंपणाजवळच्या उंबराची वाळकी फांदी तोडत होते. पंधरा दिवस तांबटाची जोडी तिच्यात चोचीनं घर कोरत होती. मी खाली धावलो तर एक जण म्हणतो, "वाळलेलीच होती की सर!" अहो, म्हणूनच तर! टणक लाकूड त्या एवढ्याशा चोचीला कोरवत नाही.

सातवीत असताना जुन्या नाशकात गुरुजींच्या वाड्यावर तबला शिकायला जायचो. माझा हात पळायचा. एक दिवस गुरुजींनी तबला झाकला, खिडकीकडे बोट केलं. बाहेर टुक, टुक, टुक. "त्याच्याबरोबर तीनताल धर. टाळीवर." महिनाभर एवढंच. पहिला आठवडा तर मला वाटत होतं, भांडीबाजारात कुणी तांब्याचा हंडा ठोकतंय. होता तांबट.

२०२० मध्ये नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेव्हा स्टेटस ठेवणारे सोसायटीतले हेच लोक. रविवारी तिकडे भल्यामोठ्या लेन्स घेऊन जाणारेही हेच. आणि दारातला उंबर? त्याचा कचरा होतो!

मान्य, फांदी गाडीवर पडली असती. मेअखेर छाटायची होती मग, पिल्लं उडाल्यावर.

संगीतशास्त्रात मोराला षड्ज म्हणजे सा दिलाय, कोकिळेला पंचम म्हणजे प. तांबटाला त्या यादीत जागा नाही. चोच मिटून, गळा फुगवून, मिनिटाला शंभरेक टोले देत बसतो बिचारा. गुरुजींच्या खिडकीबाहेरचा तो मधेच गप्प व्हायचा, अकराव्या मात्रेवर वगैरे. मीही थांबायचो. गुरुजी डोळे मिटूनच विचारायचे, "तो थांबला. लय कुठे थांबली?" लेहऱ्याचं, म्हणजे तबल्याला साथीची धून वाजवत राहणारं ॲप माझ्याकडेही आहे. ते असं मधेच सोडून जात नाही, हीच त्याची खोट.

हे लिहीत असतानाच सेक्रेटरी काका येऊन गेले. भांडायच्या तयारीनंच दार उघडलं. त्यांना मोबाईलवर तांबटाचा आवाज ऐकवला. "अरे! हा तर मी रोज ऐकतो. मला वाटायचं कुणाची तरी पाण्याची मोटर!" आता या माणसावर काय चिडणार. मला हंडा वाटला होता, त्यांना मोटर.

भोकाचा ओंडका वॉचमनकाकांकडून मागून घेतलाय. उद्या सेक्रेटरी काका आणि मी तो उंबरालाच बांधून बघणार आहोत. जोडी परत येईल असं काही नाही. तोवर ओंडका जिन्याखाली आहे, कचरा म्हणून कुणी उचलू नका.