४७१ नं डोक्याचा भुगा केला

काल पुन्हा एक बिस्किटचा पुडा परत आला. फोडलेला, वरून दोन बिस्किटं गायब. "चाचा, इसमें सूअर की चर्बी है बोलते." कोण बोलते? मोबाइल बोलते! पुड्यावर मिसळलेल्या पदार्थांचे नंबर छापतात ना, कुणीतरी त्या आकड्यांची यादी फिरवली, त्यात ४७१ दिसला, की रमजानच्या तोंडावर माझ्या दुकानातला माल हराम.

राजेहो, मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला साधा किराणावाला. तेल-मीठ विकतो, फतवे नाही. पण आता गल्ल्याजवळ भिंग ठेवावं लागतं, कारण ती अक्षरं खसखशीपेक्षा बारीक, अन् तीही पुड्याच्या घडीत दाबलेली. वाचून वाचून आकडे पाठ झालेत. हे सारे तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक सोयाबीनचं. अरे, आपल्याच वावरातलं सोयाबीन! तेल साफ करताना जो चिकट गाळ निघतो, त्यातूनच ते होतं. अडत्याकडे पोती टाकताना कोणाले सोयाबीन हराम वाटलं नाही, भाव तेवढा वाटला. ४७६ एरंडीच्या तेलापासून. ४७१ मात्र खरंच घोळाचं. ते तेलापासूनही बनतं, चरबीपासूनही, अन् कशापासून बनलं हे आकडा सांगतच नाही.

मग पुड्यावरचा हिरवा ठिपका कायले आहे? दूध-मधासारख्या थोड्या गोष्टी सोडून जनावराचं काहीही घातलं, तर आपल्या देशात तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. हिरवा ठिपका असला तर ते ४७१ झाडाचंच. दहादा सांगितलं. ऐकते कोण? साळ्याच्या पोरानं जर्मनीहून क्रीमवालं चॉकलेट आणलं होतं. त्यावर ना ठिपका ना त्रिकोण, नुसतं 'ई ४७१'. ते मात्र साऱ्यांनी वाटून खाल्लं.

शेवटी मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, हनफी फिकहात, म्हणजे आमच्या एका पंथाच्या धर्मकायद्यात, जुना दाखला आहे: मिठाच्या खाणीत गाढव पडून त्याचं पुरतं मीठ झालं, तर ते मीठच. मग चरबीचं ४७१ झालं तर? यावर उलेमांचं एकमत नाही. कोणी म्हणतात वस्तू बदलली, कोणी म्हणतात चरबी ती चरबीच. म्हणून शक, म्हणजे संशय, असेल तर सोडा, म्हणाले. मान्य! पण शक जिथं यायला पाहिजे तिथं येतच नाही ना.

बाजाराच्या दिवशी बेकरीचा खुला केक येतो. स्पंज फुगावा म्हणून त्यात केक जेल घालतात, अन् त्या जेलात बहुतेक हेच ४७१ असतं. डब्यातून चमच्यानं काढायचं, डब्यावरचा कागद तेलानं काळाकुट्ट, कोणाले काही वाचता येत नाही. काल पुडा परत करणाऱ्या बाईच्या पिशवीत तोच केक होता, पेपरात गुंडाळलेला. मी बोट दाखवलं, तर म्हणते, "वो तो अपने बेकरीवाले का है."

पुडा मीच खाल्ला, चहात बुडवून. आता त्याचे पैसे कोणाच्या खात्यात मांडू?